अक्षरओळखीच्या आधीचे वाचन

वाचता न येणाऱ्या मुलाचे पुस्तक मोठी माणसे निवडतात, त्याचे पैसे मोठी माणसे देतात आणि ते वाचूनही मोठी माणसेच दाखवतात. त्यामुळे या निवडीत मुलाच्या आवडीपेक्षा मोठ्यांच्या अपेक्षांचा वरचष्मा राहतो. परभणी, सेलू किंवा गंगाखेडच्या बाजारपेठेत तीन-चार वर्षांच्या मुलासाठी पुस्तक मागितले, की बहुधा अंकलिपी, प्राणी-फळांची चित्रे असलेले पुस्तक किंवा तात्पर्यासह छापलेल्या बोधकथा समोर येतात. त्यांचा आपापल्या जागी उपयोग आहे. परंतु ज्याला चित्रपुस्तक म्हणतात तो प्रकार यांहून वेगळा आहे.

चित्र आणि मजकूर मिळून जेथे एकच गोष्ट सांगतात आणि त्यांपैकी एक काढून घेतल्यास जेथे गोष्ट अपुरी पडते, ते चित्रपुस्तक होय. अंकलिपीतील चित्राचे काम वस्तूचे नाव आठवून देण्याचे असते, तर चित्रपुस्तकातील चित्र घडत असलेली घटना दाखवते. ‘बाबा दळण घेऊन घरी आले’ एवढेच वाक्य पानावर असेल, पण चित्रात पिशवीला भोक पडलेले, गिरणीपासून दारापर्यंत पिठाची रेघ उमटलेली आणि त्या रेघेवर मुंग्यांची रांग लागलेली दिसत असेल, तर वाचून दाखवणाऱ्याच्या आधी ऐकणाऱ्या मुलाला खरी गोष्ट कळते. हा शोध स्वतः लावल्याचा आनंद हेच वाचनाच्या गोडीचे पहिले कारण ठरते.

मुलांसाठी चित्रमय पुस्तक काढण्याची कल्पना जुनी आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे परभणीकर थट्टेने म्हणतात. त्या जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे 1658 मध्ये कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचे ‘ऑर्बिस पिक्टस’ हे लॅटिन व जर्मन मजकुराचे सचित्र पुस्तक निघाले आणि मुलांच्या सचित्र पुस्तकांचा इतिहास बहुधा तेथूनच सांगितला जातो. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी येथे बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यातून अंगणवाडीची कल्पना रुजली. 1957 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टने ‘नेहरू बाल पुस्तकालय’ या मालेतून अनेक भारतीय भाषांत, मराठीतही, सचित्र पुस्तके आणली.

आजच्या मराठी पुस्तकांची शिफारस करायची झाल्यास आरंभ माधुरी पुरंदरे यांच्यापासून करणे योग्य ठरते. लेखन आणि चित्रे दोन्ही स्वतः करणाऱ्या पुरंदरे यांना 2016 मध्ये ‘बिग लिटल बुक अवॉर्ड’ मिळाले. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या त्यांच्या ‘राधाचं घर’ या संचात घरातील माणसांची ओळख आहे, तर यश या मुलाच्या गोष्टींत रोजच्या जगण्यातले लहानसहान प्रसंग आहेत. उपदेशाचा सूर न लावता मुलाच्या नजरेने घर पाहणे, हे या लेखनाचे बळ आहे. मोठ्या चित्रांवर बोलण्यासाठी त्यांचे ‘चित्रवाचन’ हे पुस्तक उपयोगी पडते.

निवड करताना वयाचे भान ठेवावे लागते. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला जाड पुठ्ठ्याची पाने आणि पानावर एकच ठसठशीत चित्र पुरते. तीन ते पाच या वयात एकच वाक्य पुन्हा पुन्हा येणारी, पुढे काय होणार याचा अंदाज बांधू देणारी गोष्ट रुचते. त्यानंतर चित्रात दडलेले दुसरे कथानक शोधायला लावणारी पुस्तके चालतात. पुस्तकांत ओळखीचे आणि अनोळखी असे दोन्ही जग असावे. हुरड्याच्या दिवसांतील ज्वारीचे कणीस, पोळ्याची बैलजोडी किंवा परभणीच्या उरुसातील पाळणा चित्रात दिसला, की मुलाकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. समुद्र किंवा बर्फ दिसला, की विचारण्यासारखे पुष्कळ असते.

पुस्तक कसे वाचले जाते, यालाही तितकेच महत्त्व आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये ‘संवादी वाचना’चा, म्हणजे वाचताना मुलाला मोकळे प्रश्न विचारून त्यालाच बोलते करण्याच्या पद्धतीचा, अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात अशा रीतीने वाचून दाखवलेली मुले स्वतःहून बोलण्यात इतरांच्या पुढे गेल्याचे आढळले. ‘हे काय आहे?’ या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर येते, तर ‘हिला आता घरी का जायचे नसेल?’ या प्रश्नावर मूल आपल्या मनातले सांगू लागते. परभणी जिल्ह्यातील तांड्यांवरच्या काही मुलांची घरची भाषा गोरबोली, तर शहरातील काहींची उर्दू वा दखनी असते. अशा मुलांसमोर मजकूर नसलेली किंवा अगदी कमी मजकुराची पुस्तके ठेवल्यास त्यांना घरच्या भाषेत गोष्ट सांगता येते आणि प्रमाण मराठी हळूहळू जोडीला येते.

खर्चाची अडचण काही अंशी दूर झाली आहे. 2004 मध्ये स्थापन झालेल्या प्रथम बुक्सने 2015 मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हे मोफत डिजिटल भांडार सुरू केले. तेथील गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांत विभागलेल्या असून मराठीतील गोष्टीही उतरवून छापता येतात. ऊसतोडीसाठी आईवडिलांबरोबर गाव सोडणाऱ्या मुलाच्या सामानात अशा छापील चार पानांना सहज जागा होते. गावच्या वाचनालयाने किंवा अंगणवाडीने पुस्तके घेताना भारंभार नावांऐवजी थोड्या निवडक पुस्तकांच्या अनेक प्रती घ्याव्यात, त्या मुलांच्या हाताला लागतील अशा उंचीवर ठेवाव्यात आणि फाटलेल्या प्रतींची तरतूद वार्षिक खर्चातच करावी. कारण फाटण्याच्या भीतीने कपाटात ठेवलेल्या पुस्तकावर झालेला खर्चच खऱ्या अर्थाने वाया जातो.