वळवाचा ढग आणि अंदाजाची पोच

2017 च्या जुलैमध्ये बीड जिल्ह्यातल्या काही शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली. चांगल्या पावसाच्या अंदाजावर विसंबून पेरणी केली, पावसानं दडी मारली, महागाचं बियाणं मातीत गेलं. हंगाम संपला आणि देशाचा हिशेब मांडला गेला, तेव्हा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या 95 टक्के भरला होता. खात्यानं एप्रिलमध्ये वर्तवला होता 96 टक्के. अंदाज जवळजवळ तंतोतंत उतरला आणि तरीही शेतकऱ्याचं नुकसान खरंच झालं. हवामानाच्या अंदाजाविषयीचे आपले बहुतेक वाद या पेचातून निघतात. अंदाज बरोबर की चूक, एवढंच आपण विचारतो. तो केवढ्या प्रदेशासाठी आणि किती काळासाठी होता, हे विचारायचं राहून जातं. आकाशातली प्रत्येक घडामोड आपल्या आकाराप्रमाणे आणि आयुष्याप्रमाणे स्वतःच्या अंदाजाची मर्यादा ठरवते, आणि ही मर्यादा ओळखल्याशिवाय अंदाजाचा उपयोगही नीट करता येत नाही.

चक्रीवादळ घ्या. साडेसव्वीस अंश सेल्सिअसहून अधिक तापलेल्या समुद्रावर ते आकार घेतं, शेकडो किलोमीटर पसरतं आणि कित्येक दिवस जगतं. भोवतालचे मोठे वारे त्याला वाहून नेतात आणि उपग्रह त्याच्यावर सतत नजर ठेवतात. त्यामुळे त्याची वाट काही दिवस आधी मांडता येते. 1999 मध्ये ओडिशात महाचक्रीवादळानं सुमारे दहा हजार माणसं नेली. 2013 मध्ये त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ आलं, तेव्हा जवळपास दहा लाख लोक आधीच हलवलेले होते आणि मृतांचा आकडा दोन अंकीच राहिला. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हाही हजारो लोक सुरक्षित जागी पोहोचलेले होते. याच खात्याचं, याच शास्त्राचं हे काम आहे. ‘यांना काहीच कळत नाही’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही धरायला हवा.

आता वळीव घ्या. एप्रिल-मे महिन्यांत मध्य महाराष्ट्र आणि मराठवाड्याची जमीन चाळिशीपार तापते. समुद्राकडून आलेली दमट हवा या तापलेल्या जमिनीवरून वर उचलली जाते. वर जाताना ती थंडावते, बाष्पाचे थेंब होतात आणि त्या थेंबांतून सुटलेली उष्णता हवेला आणखी वर रेटते. बघता बघता बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. मग पावसाबरोबर थंड हवेचा लोट खाली कोसळतो आणि ढगाला पोसणारा उबदार झोतच कापून टाकतो. एका ढगाचं सगळं आयुष्य साधारण तासाभराचं. जमिनीवर पसरलेला तोच थंड लोट शेजारच्या हवेला वर ढकलतो आणि दुसरा ढग जन्माला घालतो, कधी पुढच्या शिवारात, कधी नदीपल्याड. चुलीवरचं आधण उकळणार हे खात्रीनं सांगता येतं. पहिला बुडबुडा तळाच्या कुठल्या ठिकाणाहून सुटेल, हे नाही. सकाळी वातावरण वळवासाठी तयार आहे, एवढं दिसतं. दुपारी चारला ढग कुठल्या गावावर फुटेल, ते सकाळी अजून ठरलेलंच नसतं. 26 जुलै 2005 चा मुंबईतला पाऊस वळवाचा नव्हता, पण ढगांचा हाच स्वभाव त्यानंही दाखवला: सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर, आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला 75 मिलिमीटरही नाही.

यावर नेहमी विचारलं जातं, युरोपात पाऊस तासाच्या हिशेबानं सांगतात, मग आपल्याकडे का नाही? उत्तर तिथल्या पावसाच्या जातीत आहे. पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेतल्या बर्गेन शहरात विल्हेल्म ब्यर्कनेस आणि त्यांचे सहकारी यांनी थंड आणि उबदार हवेच्या सीमारेषांचा अभ्यास उभा केला. या सीमांना ‘फ्रंट’ म्हणतात. त्या शेकडो किलोमीटर लांब असतात आणि ओळीनं पुढे सरकतात. आज आयर्लंडवर असलेला फ्रंट उद्या लंडनवर केव्हा येईल, हे बऱ्यापैकी मांडता येतं. उष्ण कटिबंधात मात्र शेजारशेजारच्या हवेच्या तापमानात तेवढा फरक नसतो. आपला पाऊस मुख्यतः उभ्या वाढणाऱ्या ढगांचा आहे. आणि युरोपातही उन्हाळ्यातलं गडगडाटी वादळ नेमकं कुठे कोसळेल, हे सांगताना तिथले शास्त्रज्ञ आपल्याइतकेच अडखळतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोठे संगणक आणले की हे सुटेल. काही अंशी सुटेलच. मे 2025 मध्ये आपल्याकडे सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ संगणकातल्या गणितासाठी देशावर सहा किलोमीटरच्या चौकटींची जाळी टाकते. आधीची बारा किलोमीटरची होती. जाळी बारीक झाली की मोठ्या ढगसमूहांचं चित्र सुधारतं. पण 1961 मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी संगणकाला 0.506127 ऐवजी 0.506 हा आकडा दिला आणि काही काळानं निघालेलं हवामान पूर्णपणे वेगळं होतं. पुढे त्यांनी दाखवलं, की घडामोड जितकी लहान, तितकी तिच्यातली चूक झपाट्यानं वाढते. म्हणून मोजमाप दुपटीनं अचूक केलं, तरी वळवाच्या ढगाबाबत पदरात पडतो तो फार थोडा जास्तीचा वेळ.

म्हणून खातं नेमकं ठिकाण न सांगता शक्यता सांगतं. मग शक्यतेची ही भाषा पळवाट आहे का? मला तसं वाटत नाही. ‘30 टक्के शक्यता’ हे विधान तपासता येतं: असं सांगितलेले शंभर दिवस घ्या आणि सुमारे तीस दिवशी पाऊस पडला का, ते मोजा. ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांनाही खात्यानं माप लावलेलं आहे, विभागातल्या 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. उरलेल्या तीन चतुर्थांश भागात कोरडं राहिलं, तर तो अंदाज फसलेला नसतो. दोष आहे तो हे माप बातमीपर्यंत न पोहोचण्यात. देशाच्या सरासरीचा आकडा बीडच्या शेतकऱ्याच्या हाती पेरणीचा सल्ला म्हणून पडावा, हे चुकीचंच होतं. पेरणीसाठी त्याला पुढच्या दोन आठवड्यांचा आपल्या जिल्ह्याचा अंदाज हवा, त्यातल्या शक्यतेच्या आकड्यासकट, आणि तो तसा छापण्याची जबाबदारी वृत्तपत्रांनीही घ्यायला हवी.

वळवाच्या बाबतीत खरा भरवसा रडारचा आणि पुढच्या तीन तासांच्या इशाऱ्याचा. देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं विजेनं मरतात, त्यांत शेतात काम करणारी फार. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना मोबाइलवर देतं. ते घरातल्या एका तरी फोनवर असू द्या, आणि इशारा आला की झाडाखाली न थांबता पक्क्या घराचा आसरा घ्या.