काट्याच्या टोकावरची चाल

असंबद्ध कवितेला चाल लावायची, तर चाल मात्र पुरती शहाणी हवी. मराठवाड्यात हे फार पूर्वीपासून गाऊन दाखवलेले आहे. अंबाजोगाईला दासोपंत (१५५१–१६१५) रागदारीत पदे बांधत होते, त्याच काळात पैठणला एकनाथांची भारुडे घडत होती. ज्ञानदेवांच्या नावावर असलेले, काट्याच्या टोकावर गावे वसवणारे कूट, म्हणजे कोड्यासारखे पद, घ्या. प्रत्येक टप्प्यावर तीन गोष्टी येतात. दोन निकामी निघतात, तिसरी मुळात होतच नाही, आणि त्या न झालेल्या तिसरीतूनच पुढचे तीन उभे राहतात. शब्दांतला हिशेब असा कोसळत असताना ठेका जागचा हलत नाही. श्रोता पुढच्या ‘तीन’ची वाट पाहतो, ती चालीच्या भरवशावर. यावर कोणी म्हणेल, कूट निरर्थक नसते, त्यात अध्यात्म असते. मान्य. पण उकल निरूपणात होते आणि गाणे त्याआधी कानावर पडते. तेवढा वेळ माणसाला धरून ठेवणारी गोष्ट चालच. शिवाय बीड जिल्ह्याजवळ याहून थेट पुरावा आहे. शंकरबापू आपेगावकरांसारखा (पद्मश्री, १९८६) पखवाजिया ज्या परंपरेतला, तिथे परण, म्हणजे पखवाजाच्या बोलांची बांधणी, आधी तोंडाने म्हणतात. त्या बोलांना कोशात अर्थ नाही, तरी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की ऐकणाऱ्याची मान आपसूक हलते.

असंबद्ध कवितेची साथ म्हणून पियानोकडेही याच नजरेने पाहावे. असंबद्ध कवितांचा इंग्रज कवी एडवर्ड लिअर हिंदुस्थानात फिरत असताना १८७४ साली त्याची एक कविता मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात छापून आली. धोबी, कमरबंद असले इथले शब्द तिने भलत्याच अर्थांना जुंपले होते. पुढे १८७७च्या संग्रहात त्याने आपल्या दोन कवितांच्या स्वतः बांधलेल्या चाली पियानोच्या साथीसह दिल्या. घुबड आणि मांजरीच्या त्याच्या कवितेला संगीतकार स्ट्राविन्स्कीने १९६६ साली आवाज आणि पियानोसाठी स्वरबद्ध केले. ती त्याची शेवटची स्वतंत्र रचना. आयुष्यभराची शिस्त त्याने त्या पोरखेळाला दिली, हे मला फार मोलाचे वाटते. पियानो परका, त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड नाही, हा आक्षेप भावगीतापुरता खरा. असंबद्ध कवितेचा जीव मात्र व्यंजनांच्या आघातात असतो. आपल्याकडे पेटी स्वर धरते आणि आघात पखवाज देतो. पियानोच्या एका पट्टीत आघात आणि स्वर दोन्ही येतात, आणि स्वर लगेच विरू लागल्याने शब्द उघडा राहतो. बालगीतांच्या वाद्यवृंदात याउलट होते. माकड आले की बासरी चिरकते, बेडूक आला की ढोलकी घुमते, आणि कवीची गंमत वाद्येच आधी सांगून टाकतात. विंदा करंदीकरांच्या ‘एटू लोकांचा देश’ या बालकवितासंग्रहातली कविता कोणी आवाज आणि पियानोसाठी बांधायला घेतली, तर त्याने आवाजांच्या नकला बाजूला ठेवून आधी सम कोणत्या अक्षरावर पडते, ते ठरवावे.