उभयान्वयी की क्रियाविशेषण? : इंग्रजीतील 'बट', 'हाउएव्हर' आणि मराठीतील 'जरी-तरी'

इंग्रजीतील 'बट' आणि 'हाउएव्हर' यांचे मराठी प्रतिशब्द 'पण', 'तथापि' असे दिले जातात. अर्थ जवळचा असला तरी त्यांचे व्याकरणिक कार्य भिन्न आहे. 'बट' हे उभयान्वयी अव्यय दोन वाक्यांच्या सांध्यावरच येते. 'हाउएव्हर' हे क्रियाविशेषण वाक्याच्या आरंभी, मध्ये वा अखेरीस येऊ शकते. परंतु केवळ स्वल्पविराम देऊन त्याच्याद्वारे दोन वाक्ये जोडणे प्रमाण लेखनात सदोष ठरते. म्हणजे येथे वर्गीकरणाचा निकष अर्थ नसून स्थान व संयोजनक्षमता हा आहे.

हा भेद 'ऑलदो'च्या बाबतीत अधिक स्पष्ट होतो. मराठीत 'जरी पाऊस होता, तरी तो आला' अशी अव्ययांची जोडी स्वाभाविक आहे. तिच्या प्रभावाने मराठी विद्यार्थी 'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट ही केम' असे लिहितो. 'ऑलदो' गौण वाक्य मुख्य वाक्याशी जोडतेच. त्यामुळे 'बट' हे दुसरे संयोजक अनावश्यक ठरते. 'स्टिल' मात्र तेथे चालते, कारण ते क्रियाविशेषण आहे. विद्यार्थ्याची चूक अज्ञानातून नव्हे, तर मातृभाषेच्या नियमातून उद्भवते. म्हणून अध्यापनात प्रतिशब्दांपेक्षा वाक्यरचनांची तुलना अधिक उपकारक ठरेल.