बाटलीवरील शिक्का आणि बाटलीतील तेल

उणकल हे एकेकाळी तळ्याकाठचे स्वतंत्र खेडे होते. आज हुबळी आणि धारवाड या जोडशहरांच्या वाढत्या वस्तीत ते जवळजवळ सामावून गेले आहे. तरीही येथील व आसपासच्या गावांतील कित्येक कुटुंबांची एक नजर शेतावर आणि दुसरी बाजारावर असते. म्हणूनच की काय, अलीकडे एकच प्रश्न आमच्या कानी दोन वाटांनी येऊ लागला आहे. मिस्सा आटोपल्यावर एखादी माउली विचारते, "फादर, गवती चहाच्या तेलाची एवढीशी बाटली सेंद्रिय म्हणून दुप्पट किमतीला देतात. तिच्यावरचा शिक्का खरा मानावा काय?" आणि एखादा शेतकरी विचारतो, "फादर, दलाल म्हणतो, सुगंधी गवत लावा, सेंद्रियचा दाखला आम्ही मिळवून देऊ. कागदावर सही करावी काय?"

एकीचा प्रश्न कष्टाच्या पैशाचा आहे, तर दुसऱ्याचा जमिनीचा. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. हा शिक्का नेमके काय सांगतो आणि कशाविषयी मौन पाळतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

शिक्क्याचा अर्थ

सुगंधी तेल म्हणजे शेंगदाण्याच्या वा करडईच्या तेलासारखे घाण्यावर काढलेले तेल नव्हे. गवत, पाने, फुले किंवा लाकूड भट्टीत घालून त्यांतून वाफ सोडतात. त्या वाफेबरोबर वनस्पतीतील सुगंधी अंश उडून येतो आणि थंड झाल्यावर पाण्यापासून वेगळा होतो. हा अंश फार थोडा असतो. शंभर किलो हिरव्या गवती चहातून साधारणतः तीनशे ते पाचशे ग्रॅम तेल निघते. गुलाबाचे एक किलो तेल मिळविण्यास तर साडेतीन ते चार हजार किलो फुले लागतात. जो माल इतका थोडा आणि इतका महाग, त्यात भेसळ करण्याचा मोह तितकाच मोठा असणार, हे उघड आहे.

आता 'सेंद्रिय' या शब्दाकडे वळू. आपल्या देशात केंद्र सरकारच्या वाणिज्य खात्याने २००१ साली राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम सुरू केला. त्याची व्यवस्था अपेडा ही संस्था पाहते. तिने मान्यता दिलेल्या प्रमाणीकरण संस्था शेतकऱ्याची व कारखानदाराची तपासणी करून दाखला देतात. शेतात रासायनिक खत व कृत्रिम कीटकनाशक वापरले नाही, भट्टीत सेंद्रिय व साधा माल एकत्र केला नाही, प्रत्येक पिंपाची नोंद ठेवली, असे तो दाखला सांगतो. थोडक्यात, तो तेल तयार होण्याच्या रीतीविषयीचा दाखला आहे.

तेल शुद्ध आहे, औषधी गुणाचे आहे किंवा अंगाला लावण्यास निर्धोक आहे, असे मात्र तो सांगत नाही. या तीन गोष्टींची गल्लत दुकानदार जाणूनबुजून करतो आणि गिऱ्हाईक नकळत करते. बाटलीवर 'औषधी दर्जा' असे शब्द छापलेले आढळतात. ते व्यापाऱ्याने योजलेले शब्द होत, कोणत्याही सरकारी सेंद्रिय नियमात असा दर्जा नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ साली सेंद्रिय पदार्थांसंबंधी नियम केले व 'जैविक भारत' हे चिन्ह दिले, परंतु ते नियम खाद्यपदार्थांपुरते आहेत. अत्तर, मालिशचे तेल किंवा सुवासासाठी विकली जाणारी बाटली त्यांच्या कक्षेत येत नाही.

खानदेशच्या रोशाची कथा

भेसळीचा हा प्रश्न आजकालचा नाही. त्याचा एक जुना दाखला आपल्या मराठी मुलखातच सापडतो. खानदेशच्या डोंगराळ भागात रोशा नावाचे सुवासिक गवत उगवते. गेल्या शतकाच्याही आधीपासून तेथे भट्ट्या लावून रोशाचे तेल काढीत आणि ते मुंबईच्या बंदरातून बाहेर जाई. तांबड्या समुद्रावरील बंदरांतून ते कॉन्स्टँटिनोपलला पोहोचे. त्यामुळे युरोपात त्याला 'तुर्की जिरेनियम' असे भलतेच नाव पडले. या तेलाचा वास गुलाबाशी मिळताजुळता असतो, कारण जिरॅनिऑल नावाचा घटक दोहोंतही आहे. साहजिकच तेथील व्यापारी हे स्वस्त तेल महागड्या गुलाबतेलात मिसळून विकीत.

या कथेत विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. खानदेशातील तेल अस्सल होते. ते गवत रानात आपोआप वाढलेले असल्यामुळे आजच्या भाषेत त्यास सेंद्रियही म्हणता आले असते. तरी गुलाबाच्या नावाने विकले जाताच त्याचे खोटे झाले. उलट, मुंबईस पोहोचण्यापूर्वी खुद्द रोशाच्या तेलातही टर्पेंटाइन आणि रॉकेल मिसळणारे होतेच. त्यावर जाणकारांनी एक साधी परीक्षा शोधली होती. अस्सल रोशाचे तेल सत्तर टक्के मद्यार्काच्या सुमारे तीन भागांत स्वच्छ विरघळते. भेसळ असल्यास मिश्रण गढूळ होते. त्या काळी शिक्के नव्हते, परंतु मालाची परीक्षा होती.

आज भेसळ करणाराही शिकलेला आहे. गवती चहाच्या तेलाचा मुख्य अंश सिट्रल. तो कारखान्यात कृत्रिम रीतीनेही तयार होतो. थोड्या खऱ्या तेलात असा सिट्रल मिसळला, तर नाकाला काही कळत नाही. यासाठी प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफी नावाची तपासणी करतात. तीत तेलातील घटक एकेक करून वेगळे होतात व त्यांचे प्रमाण कळते. कृत्रिम घटक खनिज तेलापासून बनविलेला असेल, तर किरणोत्सर्गी कार्बनाच्या मोजणीने तोही पकडता येतो, कारण लक्षावधी वर्षे जमिनीखाली राहिलेल्या खनिज तेलात तो कार्बन उरलेला नसतो. मात्र टर्पेंटाइनसारख्या झाडाच्याच पदार्थापासून घटक बनविला असेल, तर एवढी परीक्षाही पुरत नाही. सेंद्रियच्या दाखल्यासाठी प्रत्येक बाटलीची अशी तपासणी होत नसते, हे वाचकांनी पक्के ध्यानात ठेवावे.

दाखला कोठे कच्चा पडतो

मग निदान शेतापुरता तरी हा दाखला भरवशाचा आहे काय? येथे आम्हांस स्पष्ट बोलणे भाग आहे. तपासनीस बहुधा वर्षातून एकदा येतो. लहान शेतकऱ्यांचा गट असेल, तर गटाची अंतर्गत देखरेख मुख्य धरतात आणि बाहेरचा तपासनीस काही शेतेच पाहतो. शिवाय, ज्याची तपासणी व्हायची तोच तपासणीचे शुल्क भरतो. परीक्षार्थीने परीक्षकाचे वेतन द्यावे, असा हा प्रकार आहे. बहुतेक परीक्षक प्रामाणिक असतील, तरी व्यवस्थेचा हा दुबळेपणा नाकारता येत नाही.

त्याचे परिणाम जगाने पाहिले आहेत. २०२० च्या ऑक्टोबरात सेंद्रिय कापडाचे मानक सांभाळणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने भारतातील सुमारे वीस हजार टन कापूस खोट्या कागदपत्रांवर सेंद्रिय ठरविला गेल्याचे जाहीर केले आणि अकरा कंपन्यांवर बंदी घातली. २०२१ च्या जानेवारीत अमेरिकेच्या कृषी खात्याने भारतीय देखरेखीस दिलेली मान्यता काढून घेतली व निर्यातदारांस नव्याने थेट दाखले घेण्यासाठी दीड वर्षाची मुदत दिली. युरोपात गेलेल्या भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड हे तेथे अन्नासाठी निषिद्ध असलेले रसायन आढळले. पुढे १ जानेवारी २०२२ पासून युरोपीय संघाने भारतातील पाच प्रमाणीकरण संस्थांचे दाखले नाकारले. कापूस आणि तीळ ही सुगंधी तेले नव्हेत हे खरे, परंतु दाखल्यांची व्यवस्था तीच होती.

यात सर्वाधिक हानी कोणाची झाली? ज्याने खरोखर शेणखत घातले, तण हाताने उपटले आणि कीड लागली तेव्हा तोटा सोसला, त्या शेतकऱ्याची. दुसऱ्याच्या खोटेपणामुळे त्याच्या खऱ्या मालावरही संशय आला.

म्हणून दाखला टाकाऊ काय?

तसा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. वरील सर्व लबाड्या उघड झाल्या त्या कागदांच्या व मालाच्या तपासणीमुळेच. अपेडाने २०१० पासून 'ट्रेसनेट' नावाची संगणकीय नोंदपद्धती चालविली. तीत शेतापासून निर्यातीपर्यंत मालाचा माग ठेवतात. तिचे सामर्थ्य साध्या हिशेबात आहे. एवढ्या एकरांत एवढे गवत, एवढ्या गवतातून एवढे तेल. विकलेले तेल त्याहून अधिक भरले, तर कोठेतरी पाणी मुरते आहे हे कळते. २०२५ च्या जानेवारीत या कार्यक्रमाची आठवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. गटांचे नियम तीत बदलले असून गटास कायदेशीर स्वरूप असणे आवश्यक केले आहे.

विश्वास कसा कमावला जातो, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पहिल्या महायुद्धात चंदनाचे लाकूड युरोपात पाठविणे अशक्य झाले, तेव्हा म्हैसूर संस्थानाने १९१६ साली स्वतःचा चंदनतेलाचा कारखाना काढला. पुढे १९४४ साली शिमोग्यास दुसरा निघाला. त्या तेलाला नाव मिळाले ते लाकडाचा उगम ठाऊक असल्यामुळे, काढणारा एकच असल्यामुळे आणि मालाची परीक्षा होत असल्यामुळे. आजही चंदनतेलाच्या आंतरराष्ट्रीय मानकात सँटॅलॉल या घटकाचे किमान प्रमाण ठरवून दिलेले आहे. उगम, जबाबदार माणूस आणि परीक्षा, या तीन खांबांवर विश्वास उभा राहतो. सेंद्रियचा शिक्का हा त्यांपैकी पहिल्या खांबास दिलेला टेकू होय.

घेणाऱ्यांनी काय पाहावे

ज्या कुटुंबांस असे तेल घ्यावयाचे आहे, त्यांनी शिक्क्याखालील बारीक अक्षरे वाचावीत. प्रमाणीकरण संस्थेचे नाव व दाखल्याचा क्रमांक नसेल, तर नुसता 'सेंद्रिय' हा शब्द म्हणजे दुकानदाराची बोली समजावी. वनस्पतीचे शास्त्रीय नाव, घाण क्रमांक आणि उत्पादकाचा पत्ता असावा. घाण क्रमांकाचा तपासणी अहवाल मागावा. प्रामाणिक विक्रेता तो देण्यास कचरत नाही.

किमतीचा हिशेबही करून पाहावा. दहा मिलिलिटर गुलाबतेलासाठी तीस किलोंहून अधिक फुले लागतात. ते कोणी शंभर रुपयांत देत असेल, तर शिक्का कोणताही असो, ते गुलाबाचे तेल नव्हे. संत्र्याच्या वा लिंबाच्या सालीचे तेल घेताना मात्र सेंद्रिय दाखल्यास अधिक महत्त्व द्यावे. ती तेले बहुधा साल दाबून काढतात आणि सालीवरील कीटकनाशक तेलात उतरू शकते.

मातांस आम्ही आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. निलगिरीचे तेल चमचाभर जरी लहान मुलाच्या पोटात गेले, तरी झटके येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. कापूरतेलाचेही तसेच. ते सेंद्रिय असल्याने हा धोका तिळभरही कमी होत नाही. अशा बाटल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशाच ठिकाणी ठेवाव्यात.

पिकविणाऱ्यांनी काय पाहावे

शेतकरी बंधूंनी सही करण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. दाखला कोणाच्या नावावर राहणार? गटाचा दाखला व्यापाऱ्याच्या हाती असेल, तर माल दुसऱ्यास सेंद्रिय म्हणून विकता येत नाही आणि शेतकरी त्याच्याशी बांधला जातो. शुल्क कोण व किती वर्षे भरणार? नियमाप्रमाणे वर्षायू पिकास पेरणीपूर्वी दोन वर्षे आणि बहुवर्षायू पिकास पहिल्या काढणीपूर्वी तीन वर्षे रूपांतराचा काळ धरतात. जमिनीचा पूर्वेतिहास स्वच्छ असल्याचे सिद्ध झाल्यास तो काही अंशी कमी होतो. त्या काळात राबणूक सेंद्रिय, पण भाव बहुधा साधा. सबब, सहा महिन्यांत दाखला देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहावे. भट्टी किती दूर आहे आणि तेथे इतरांचा साधा मालही गाळतात काय, हेही पाहावे. कोऱ्या कागदावर सही किंवा जमिनीचा उतारा कोणासही देऊ नये. आपले नाव एखाद्या गटाच्या यादीत आपल्या नकळत राहिले, तर उद्या दुसऱ्याचा खोटा माल आपल्या नावावर खपेल.

स्थानिक बाजारापुरता विचार असेल, तर सहभागी हमी पद्धतीची चौकशी करावी. तीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते पाहतो. खर्च फार थोडा येतो. ती निर्यातीस चालत नाही, परंतु शेजाऱ्याची नजर वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनिसाहून तीक्ष्ण असते, हे गावात राहणाऱ्यांस सांगावयास नको. सल्ल्यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठात सेंद्रिय शेतीचे स्वतंत्र केंद्र आहे, आणि कर्नाटकाने २००४ पासूनच सेंद्रिय शेतीचे धोरण स्वीकारलेले आहे. तेलाच्या परीक्षेसाठी लखनौची सुगंधी वनस्पतींची केंद्रीय संशोधन संस्था आणि कनोजचे सुगंध विकास केंद्र ही सरकारी ठिकाणे आहेत.

तेव्हा आमचे उत्तर असे: शिक्क्यावर विश्वास ठेवावा, पण तो जेवढे सांगतो तेवढ्यापुरताच. बाकीची खात्री विचारून, मोजून आणि तपासून करून घ्यावी. माउलीने अहवाल पाहिल्याखेरीज बाटलीस दुप्पट दाम देऊ नये. आणि शेतकऱ्याने दलालाचा कागद घरी आणून, शिकलेल्या मुलाकडून वा मुलीकडून शब्द न् शब्द वाचवून घेतल्यावाचून त्यावर सही करू नये.