विमानातलं बाळ आणि अर्धा चमचा सिरप

गणपतीची किंवा दिवाळीची तिकिटं काढून झाली की बेंगळुरूतल्या मराठी आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. तान्ह्याला पहिल्यांदाच विमानाने पुण्या-मुंबईला नेणारी कुणीतरी विचारते, ‘फार रडेल का गं?’ पाच मिनिटांत उत्तर हजर: ‘निघायच्या अर्धा तास आधी सर्दीचं सिरप दे. उतरेपर्यंत डोळा उघडणार नाही. आम्ही दर वेळी देतो.’ त्याखाली अंगठ्यांची रांग. विमानात शेजारी बसलेले काका तर हेच थेट आईला ऐकवतात, तेही बाळाने सूर लावल्यावर. सल्ला देणारे शिकले-सवरलेले असतात, कळवळ्याने बोलतात, म्हणूनच तो इतका पक्का रुजलाय. औषध म्हणून तो धोक्याचा आहेच; शिवाय ज्या दुखण्याने बाळ रडतं त्यावर तो बरोबर उलटा आहे.

आधी औषधाचं बघू. सर्दीच्या सिरपने झोप येते ती सर्दी बरी झाली म्हणून नव्हे. त्यातल्या क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन, प्रोमेथाझिन अशा जुन्या ॲलर्जीविरोधी औषधांचा गुंगी हा दुष्परिणाम आहे, आणि आपण नेमका तोच कामाला लावतो. मोठ्या माणसाचं पेंगण्यावर भागतं, तान्ह्याचा श्वास मंदावू शकतो. प्रोमेथाझिन दिलेल्या दोन वर्षांखालच्या मुलांचे श्वास मंदावून मृत्यू झाल्याच्या नोंदी मिळाल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये त्याच्या माहितीपत्रकावर सर्वांत कडक, काळ्या चौकटीतली सूचना छापायला लावली: या वयात देऊ नये. ‘ते अमेरिकेचं’ म्हणणाऱ्यांसाठी आपल्याकडचं सांगतो. भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेल्या औषधांच्या वेष्टनावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असं छापायला सांगितलं. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना कळवलं, की दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सर्वसाधारणपणे टाळावीत. हे मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या सिरपने झालेल्या बालमृत्यूंनंतरचं. त्यातली कितीतरी मुलं उपचारासाठी नागपूरला आणली होती, तेव्हा विदर्भातल्या वाचकांना ती बातमी नव्याने सांगायला नको. ते मृत्यू सिरपमध्ये सापडलेल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषामुळे झाले, गुंगीमुळे नव्हे. दोन्हींची सरमिसळ करू नये. पण सर्दीचं सिरप म्हणजे गोड पाणी, ही समजूत एव्हाना जायला हवी होती.

त्यात विमानातली हवा जमिनीवरच्या दाबाची नसते. केबिनमधला दाब 8000 फूट उंचीवरच्या हवेइतका कमी होऊ शकतो. कळसूबाईचा माथा 5400 फुटांवर आहे. निरोगी बाळ ही उंची सहज सोसतं. श्वास मंदावणारं काहीतरी पाजून त्याला तिथे कशाला न्यायचं?

बरं, एवढं करून बाळ झोपेलच याचीही खात्री नाही. काही मुलांवर या औषधांचा परिणाम उफराटा होतो. ती चिडचिडी होतात, बिथरतात, हातपाय झाडतात. शिवाय डिसेंबर-जानेवारीत देवनहळ्ळीला, आपल्या विमानतळावर, पहाटे धुकं उतरतं आणि विमानं खोळंबतात. घरून सिरप पाजून निघालेलं बाळ मग गेटवरच झोपून घेतं आणि विमान हलतं तेव्हा टक्क जागं असतं. तेव्हा ‘अजून अर्धा चमचा’ द्यायचा मोह होतो. डोस चुकतो तो असा.

‘पूर्वी द्यायचेच की, आम्ही जगलोच ना!’ हा यावरचा ठरलेला टोला. खरंय, द्यायचे. मुंबईच्या गिरणगावात अफूची बाळगोळी मिळायची. मुंबई सरकारसाठी डॉ. बार्न्स यांनी 1922 च्या सुमाराला गिरणीत काम करणाऱ्या बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या तान्ह्या मुलांपैकी 98 टक्क्यांना अफू दिली जात असल्याचं नोंदलं गेलं. त्या बायकांना दिवसाचे दहा-अकरा तास गिरणीत काढायचे होते आणि मूल ठेवायला जागा नव्हती. आपल्याला बेंगळुरू ते पुणे दीड तास काढायचाय. आणि जगले ते बोलतात, हेही विसरू नये. आजीचं उगाळलेलं जायफळ याच पंगतीतलं: जास्त झालं की तेही विषारीच.

आता बाळ का रडतं, ते पाहू. भूक, झोपमोड, गर्दी ही कारणं असतातच. इलेक्ट्रॉनिक सिटीतून सकाळी सहाचं विमान गाठायचं तर घर तीनला सोडावं लागतं. दोन तास कॅबमध्ये आणि रांगांत काढलेल्या बाळाने हसतमुख राहावं ही अपेक्षा मोठ्यांकडूनही कुणी करत नाही. पण उतरताना एकाएकी फुटणारा तो कळवळून केलेला आकांत बहुतेकदा कानाचा असतो.

कानाच्या पडद्यामागची पोकळी एका बारीक नळीने घशाला जोडलेली असते. विमान चढताना बाहेरचा दाब कमी होतो, पोकळीतली हवा प्रसरण पावते आणि नळीतून आपसूक निघून जाते. उतरताना उलटं. बाहेरचा दाब वाढतो, नळीच्या मऊ भिंती चिकटून बसतात आणि हवा आत जायला नळी मुद्दाम उघडावी लागते. ती उघडते गिळताना. लहान मुलांची नळी अरुंद, आखूड आणि जवळजवळ आडवी, म्हणून ती मोठ्यांइतकी सहज उघडत नाही. त्यात सर्दी असेल तर विचारूच नका.

बेंगळुरूकरांसाठी यात आणखी एक गंमत आहे. आपला विमानतळ मुळात समुद्रसपाटीपासून 3000 फुटांवर. तिथून केबिनमधल्या सात-आठ हजारांपर्यंत चढायचं आणि मुंबईला थेट समुद्राच्या पातळीवर उतरायचं. म्हणजे चढताना कानावर दाबाचा जेवढा फरक पडतो, त्याच्या दीडपटीहून जास्त उतरताना पडतो. पुणे मध्येच, दोनेक हजार फुटांवर, म्हणून तिथे त्रास थोडा कमी. ‘जाताना रडला, येताना गप्प होता, म्हणजे आजोळी राहून शहाणा झाला’ असं सांगणाऱ्या आजोबांनी नातवाच्या शहाणपणाचं थोडं श्रेय भूगोलालाही द्यावं.

आणि आता सिरपकडे परत या. झोपेत माणूस फार कमी गिळतो. म्हणून मोठ्यांनाही सांगतात, विमान उतरताना झोपू नका. गुंगीतलं बाळ गिळणार नाही, नळी उघडणार नाही, आणि विमान खाली येताना ते दुखण्यानेच जागं होईल. नाक मोकळं करणाऱ्या औषधाने तरी कान दुखायचा थांबतो का, हे मुलांवर तपासून झालंय. स्यूडोएफेड्रिनवरचा तो अभ्यास 1999 मध्ये अमेरिकेतल्या बालवैद्यकाच्या नियतकालिकात आला: कानदुखी कमी झाली नाही, पेंग मात्र वाढली.

उपाय फुकटचा आहे: उतरताना बाळाला पाजा. अंगावरचं, बाटलीतलं, वाटी-चमच्याने, कसंही, घोट गिळला जाण्याशी मतलब. चूक होते ती वेळेत. बहुतेक आया विमान धावायला लागलं की पाजतात, बाळ पोटभर पिऊन झोपतं आणि खरी गरज लागते तेव्हा तोंड फिरवतं. मुंबईच्या एका फ्लाइटमध्ये पलीकडच्या रांगेतली मुलगी मी पाहत होतो. बाळ बाटलीसाठी हात करत होतं आणि ती त्याला खुळखुळ्यावर भुलवत होती. मागून एक बाई ‘अगं दे ना त्याला, किती छळशील’ म्हणाल्याही. तिने दिली नाही. विमान टेकायला अर्धा तास असताना इंजिनाचा आवाज उतरला, पोटात किंचित हललं, तशी तिने बाळाला उभं धरलं आणि बाटली लावली, तीही मध्ये मध्ये काढून घेत, पुरवून पुरवून. बेल्टची घोषणा त्यानंतर बऱ्याच वेळाने झाली. घोषणेची वाट पाहिली की उशीर होतो, तो असा. सर्दी जोरात असेल किंवा कान फुटला असेल, तर आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारावं, ग्रुपला नव्हे.

‘आईबापांनी वळण लावलं नाही’ हा दुसरा शेरा. सात महिन्यांच्या बाळाला वळण कसलं लावता? चार वर्षांचं पोर तासभर पुढच्याच्या सीटला लाथा मारत असेल, तर तिथे आईबापांनी उठून लक्ष घालायलाच हवं, आणि पुढच्याने सांगितलं तर तोंड पाडू नये. मोबाइलवरची बडबडगीतं हेडफोनशिवाय लावणं तर निव्वळ बेपर्वाई. ते रडणं नव्हे, ते आपण विकत घेतलेलं यंत्र आहे. मोठं मूल कान झाकून किंचाळतंय म्हणजे लाडावलेलंच, हेही गृहीत धरू नका. बेंगळुरू विमानतळावर हिरव्या पट्ट्यावर सूर्यफुलं असलेली दोरी गळ्यात दिसली, तर त्याचा अर्थ डोळ्यांना न दिसणारं अपंगत्व, स्वमग्नतेसारखं. रांचीला मे 2022 मध्ये अशाच एका विशेष मुलाला घाबरलेला पाहून विमानात घेतलं नाही, तेव्हा डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, त्या विमान कंपनीला पाच लाखांचा दंड केला होता.

विमानातली कोंडलेली हवा मुलांना आजारी पाडते, असंही ऐकू येतं. मोठ्या जेट विमानांत ती दर दोन-तीन मिनिटांनी बदलते आणि सूक्ष्म गाळण्यांतून जाते. ओठ कोरडे पडतात ते दमटपणा नसल्याने.

मांडीवर घट्ट धरलं की बाळ सुरक्षित, ही समजूतही नको. जोराच्या हिसक्यात कुणाच्याच हातांचा भरवसा नाही, असं अमेरिकेचं विमान प्रशासन स्पष्ट सांगतं. तान्ह्यासाठीचा जोडपट्टा मागून घ्या आणि बाळ झोपलंय म्हणून तो सोडू नका.

बाळाच्या आईने मागितली की सीट द्यावीच लागते का? नाही. कुणी जादा पैसे मोजून खिडकी घेतली असेल आणि नाही म्हणत असेल, तर त्याचे व्हिडिओ काढू नयेत. आईबाप आणि मूल वेगळे बसले तर जबाबदारी शेजाऱ्याची नसून विमान कंपनीची आहे: एप्रिल 2024 पासून डीजीसीएचं सांगणं आहे, की 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच बुकिंगवरच्या निदान एका पालकाशेजारी जागा द्यावी. हे चेक-इनच्या काउंटरवर ठणकावून मागायचं, विमानात चढून 14 सीच्या काकांकडे नव्हे.

आणि मुलांना सरळ मागे बसवा म्हणणाऱ्यांसाठी: इंडिगोने 2016 मध्ये 1 ते 4 आणि 11 ते 14 या रांगा बारा वर्षांखालच्या मुलांना बंद केल्या होत्या, शांत विभाग म्हणून. पाचव्या रांगेतल्या बाळाला ते कुणी कळवलं होतं कोण जाणे.