छत्रीचा बाक

धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत माळवदावर, पत्र्यावर, स्लॅबवर डिशच्या छत्र्या दिसतात. डीडी फ्री डिशच्या छत्र्यांचे तोंड आग्नेयेला असते, कारण जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असून इथून तो क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर येतो. मोबाइल आणि वायफाय आल्यापासून यातल्या कितीतरी छत्र्या नुसत्या गंजत आहेत आणि शेवटी किलोच्या भावाने भंगारात जातात. त्यांचा दुसरा उपयोग विचारला की पाखरांसाठी पाणी ठेवा, वेल चढवा, खुराड्यावर झाकण घाला, असे सुचवले जाते. यातले काहीच वाईट नाही, पण या कामांना कोणतेही घमेले किंवा पत्र्याचा तुकडा पुरतो. छत्रीत खरी मोलाची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे तिचा बाक. समांतर येणाऱ्या लहरी एका बिंदूवर गोळा करणारा हा परवलयाचा आकार गावातल्या कारागिराला हाताने ठोकून काढणे फार अवघड आहे. म्हणून जुन्या छत्रीचा जो उपयोग हा बाक कामाला लावतो, तोच आधी करावा, असे माझे म्हणणे आहे.

असा पहिला उपयोग उष्णतेचा. शेजारच्या लातूरमध्ये महानंद डेअरीत आयआयटी मुंबईच्या सहभागाने विकसित झालेली ‘अरुण’ ही १६० चौरस मीटरची सौर डिश दूध तापवण्याच्या कामासाठी बसवली गेली. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ पासून ७३ सौर डिश वाफ तयार करून स्वयंपाकाला हातभार लावत आल्या. या डिश मुद्दाम बनवलेल्या होत्या, टीव्हीच्या नव्हेत; पण तत्त्व तेच. मग घरच्या दोन फुटी छत्रीला चकचकीत फिल्म चिकटवून चूल का करू नये? हिशेब मांडून पाहावा. तिचे क्षेत्रफळ जेमतेम पाव चौरस मीटर. कडक उन्हात तिच्यावर दोन-अडीचशे वॉट पडतात आणि भांड्यात त्यातले शंभरेक वॉट उतरले तरी पुष्कळ. एवढ्यात एक लिटर पाणी उकळीला यायला पाऊण ते एक तास लागेल. भूम भागातल्या खव्याच्या भट्ट्यांना तर ही छत्री अगदीच अपुरी: एक लिटर दुधातले पाणी आटवायलाच पाच-सहा तास जातील, आणि तेवढा वेळ दर दहा-पंधरा मिनिटांनी तिचे तोंड सूर्याकडे वळवत बसावे लागेल. केबलवाल्यांकडच्या जुन्या आठ फुटी छत्र्यांचे क्षेत्रफळ याच्या सोळापट असते. पण त्यातल्या अनेक जाळीच्या असतात. सेंटिमीटरमधल्या लहरींना जाळी अडवते, उजेड मात्र भोकांतून निघून जातो. त्यामुळे चुलीचा आग्रह मी धरणार नाही. शिवाय धोका आहेच. चकचकीत छत्री कडब्याच्या गंजीजवळ उघडी ठेवली तर आग लागू शकते, आणि ऊन जिथे गोळा होते त्या बिंदूकडे उघड्या डोळ्यांनी पाहणे घातक आहे.

छत्रीची खरी जागा शाळेत आहे, आणि तिथे फिल्म चिकटवायचीही गरज नाही. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस दिवसा थोडी मिनिटे टीव्हीचे चित्र बिघडते. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो आणि त्याच्या रेडिओ लहरी छत्रीत शिरून उपग्रहाचा संदेश झाकोळून टाकतात. म्हणजे छतावरची छत्री आजही सूर्याची रेडिओ दुर्बीण आहेच, फक्त आपण तिचा तसा उपयोग करत नाही. पुण्यात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्थांच्या रेडिओ फिजिक्स लॅबने डीटीएचच्या सामानातून विद्यार्थ्यांसाठी परवडणारी छोटी रेडिओ दुर्बीण घडवली आहे. घानात दूरसंचाराची ३२ मीटरची जुनी डिश २०१७ साली रेडिओ दुर्बीण म्हणून सुरू झाली.

जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञानाचे साहित्य कमी, मग हे कोण सांभाळणार, असा आक्षेप येईल. पण लागणारे सामान गावातच आहे: छत्री, तिच्या हातावरचा, गोळा झालेल्या लहरी झेलणारा एलएनबी, त्याला वीज देणारा जुना सेट-टॉप बॉक्स आणि डिश बसवणारे वापरतात तो सिग्नल मोजणारा छोटा फाइंडर. छत्री सूर्याच्या वाटेत स्थिर ठेवायची, सूर्य तिच्यासमोरून सरकू द्यायचा आणि दर मिनिटाला काटा टिपायचा. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो. काटा चढून उतरायला किती मिनिटे लागली यावरून छत्रीची नजर किती अंश रुंद आहे, हे सातवी-आठवीची मुले स्वतः काढू शकतात. दोन फुटी छत्रीसाठी उत्तर तीन अंशांच्या आसपास यायला हवे. एकच गोष्ट आधी समजावून सांगावी. या छत्र्यांचा एलएनबी खालच्या बाजूला असतो, त्यामुळे छत्री दिसते त्याहून बरीच वर पाहत असते. हे न कळल्यास सूर्य सापडतच नाही आणि मुले कंटाळतात. गणवेशातल्या त्या मुलांनी उन्हात उभे राहून वहीत लिहिलेले पंचवीस-तीस आकडे मला भंगाराच्या भावापेक्षा कितीतरी मोलाचे वाटतात. पोचे पडून ज्या छत्रीचा बाक गेला असेल, ती खुशाल पाखरांच्या पाण्याला द्यावी.