वाघाटी, उदमांजर आणि मार्जार कुल

महाराष्ट्रात ‘वाघ दिसला’ या वाक्याचा अर्थ प्रदेशागणिक बदलतो. विदर्भाबाहेरच्या अनेक गावांत त्याने बिबट्याच सूचित होतो, आणि म्हणूनच खरा वाघ सांगायचा झाल्यास ‘पट्टेरी’ किंवा ‘ढाण्या’ असे विशेषण जोडावे लागते. याला अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. कारण लोकांनी दिलेली नावे प्राण्याचे रूप, त्याचा वावर आणि त्याचे भय यांवरून पडतात, तर प्राणिशास्त्र वंशसंबंधावरून नावे ठरवते. घोटाळा होतो तो एका पद्धतीतील नाव दुसरीत जसेच्या तसे नेल्यामुळे.

‘मांजर’ हा शब्दच याचे उत्तम उदाहरण आहे. उदमांजर मांजरासारखे दबकत चालत असले, तरी ते मार्जार कुलातील नसून व्हायव्हेरिडी या निराळ्या कुलातील आहे. कुल म्हणजे समान पूर्वजापासून उतरलेल्या निकटच्या प्रजातींचा समूह. पाणमांजर तर त्याहूनही दूरचे असून मांसाहारी प्राण्यांच्या कुत्रा व अस्वल असलेल्या शाखेत मोडते. उलट, दिसण्यात कुत्र्याजवळचे वाटणारे तरस वंशाने मांजरांच्या शाखेतील आहे, हे समजल्यावर केवळ रूपावर विसंबण्याची मर्यादा स्पष्ट होते.

शास्त्रालाही हे एका दिवसात उमगलेले नाही. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये सिंह, वाघ, बिबट्या आणि घरचे मांजर या सर्वांना ‘फेलिस’ या एकाच प्रजातीत, म्हणजे परस्परांशी जवळचे नाते असलेल्या जातींच्या गटात, ठेवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञाने जिभेच्या मुळाशी असलेल्या हाडाच्या रचनेवरून डरकाळी फोडणाऱ्या मार्जारांचा ‘पँथेरा’ हा गट वेगळा काढला. पुढे जनुकीय तुलनेतून मार्जार कुलाच्या आठ शाखा स्पष्ट झाल्या, आणि दीर्घकाळ स्वतंत्र प्रजातीत गणला गेलेला हिमबिबट्या वाघाचा निकटचा नातलग ठरला. 2017 मधील पुनर्मांडणीत या कुलाच्या 41 जाती मानल्या आहेत.

नावाचा प्रश्न सर्वांत गंभीर होतो तो वाघाटीच्या बाबतीत. आषाढी द्वादशीला जिच्या फळांची भाजी केली जाते त्या काटेरी वेलीलाही वाघाटीच म्हणतात. येथे मात्र अभिप्रेत आहे ते साधारण एक ते दीड किलो वजनाचे, जगातील सर्वांत लहान मार्जारांपैकी एक असलेले रानटी मांजर. ‘प्रायोनेल्युरस रुबिजिनोसस’ या तिच्या शास्त्रीय नावातील दुसरा शब्द गंजासारख्या तांबूस ठिपक्यांचा निर्देश करतो; 1831 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ इझिदोर जॉफ्रुआ सँ-तिलेर याने तो दिला. भारत, श्रीलंका आणि नेपाळ एवढ्याच प्रदेशात आढळणारा हा प्राणी पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या फडातही पिले घालतो, आणि ऊसतोडीच्या वेळी सापडलेली ती ठिपकेदार पिले बिबट्याची समजून गावात घबराट पसरते. बिबट्याचे पिल्लू जन्मतःच कितीतरी मोठे असते आणि त्याचे पंजे जाड असतात, तर वाघाटीचे पिल्लू ओंजळीतही सहज मावते. पिलू कोणतेही असो, ते उचलून नेणे हीच सर्वांत मोठी चूक होय, कारण आई बहुधा जवळच असते आणि अंधार पडल्यावर त्याला घेऊन जाते.

म्हणूनच दर्शनाची नोंद करताना नुसते नाव पुरत नाही. आकार, शेपटीची लांबी, अंगावरील खुणा, स्थळ आणि वेळ यांमुळे ती पुढे तपासता येते. लांब पायांच्या, पिवळट करड्या रानमांजराच्या कानांच्या टोकांशी काळे केस असतात आणि तुलनेने आखूड शेपटीवर काळी वलये असतात. ‘बिबट्या मांजर’ या दुसऱ्या लहान रानटी मार्जाराच्या मात्र सर्वांगावर काळे ठिपके असतात. ठिपक्यांची मांडणी प्रत्येक प्राण्यात वेगळी असल्याने स्वयंचलित कॅमेऱ्याच्या छायाचित्रांवरून ठिपकेदार मार्जार एकेक करून ओळखता येतात. रानमांजराचे अंग जवळजवळ बिनठिपक्यांचे असल्यामुळे ही सोय त्याच्या बाबतीत फारशी चालत नाही, आणि शेताच्या बांधावर सर्वांत सहज दिसणाऱ्या या मांजराची मोजणी तेवढीच अवघड होऊन बसते.